‘असूनही’ खोडा : चौदाव्या पॅनेलविषयी खुलं पत्र

प्रति,
जागतिक दिव्यांग दिनानिमित्त चित्रप्रदर्शन भरवणाऱ्या आयोजक मंडळास,

स. न. वि. वि.

परवा तुमच्या कार्यालयातून प्रदर्शनाच्या सगळ्या पॅनेलांची पीडीएफ माझ्या मोबाइलवर आली. ‘सर, फक्त शुद्धलेखन बघा, उद्या फ्लेक्स छापायला टाकायचेत,’ असा निरोप होता. मी शाळेत चित्रकला शिकवली, मराठी नाही. पण पोरांच्या कागदांवर लाल पेन फिरवायची खोड निवृत्तीनंतरही जात नाही, म्हणून बसलो. तेराव्या पॅनेलपर्यंत निमूटपणे ऱ्हस्व-दीर्घ बघितले. चौदाव्यावर पेन थांबलं.

चौदावं पॅनेल असं आहे : ‘मॅन्युअल मेन्डाइव्ह, क्युबा. पायाने अधू असूनही जिद्दीच्या जोरावर रंगांचे अनोखे विश्व साकारणारा लोकचित्रकार.’ शेजारी कुठून तरी उतरवलेलं, ताणून चपटं झालेलं एक चित्र.

त्यांचं नाव मानुएल मेंदिवे. स्पॅनिशमध्ये शेवटचा ‘ए’ गिळत नाहीत. हे दुरुस्त करायला दोन सेकंद लागतात. ‘लोकचित्रकार’ दुरुस्त करायला जास्त वेळ लागेल, आणि ‘असूनही’साठी तर हे सगळं पत्र खर्ची पडणार आहे. खाजगीत फोन करून सांगता आलं असतं, पण हा शब्द तुमचा एकट्याचा नाही. दर वर्षी ३ डिसेंबर जवळ आला की गावोगावच्या फ्लेक्सांवर तो उगवतो. म्हणून उघड लिहितोय. राग मानू नका. मानलात तरी पत्र पूर्ण वाचा.

आधी माणूस कोण ते बघू. मेंदिवे यांचा जन्म १५ डिसेंबर १९४४ चा, हवानाच्या लुयानो या कष्टकऱ्यांच्या वस्तीतला. घर सान्तेरिया पाळणारं. सान्तेरिया म्हणजे पश्चिम आफ्रिकेतून, आजच्या नायजेरिया-बेनिनच्या भागातून, गुलाम म्हणून क्युबात आणलेल्या योरुबा लोकांनी उसाच्या मळ्यांत आणि शहरातल्या वस्त्यांत जिवंत ठेवलेला धर्म. क्युबात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ मध्ये, म्हणजे फार लांबची गोष्ट नाही. त्यांच्या देवांना ओरिशा म्हणतात. मालकांच्या डोळ्यांदेखत आपले देव पुजायचे तर त्यांच्यावर कॅथलिक संतांचं पांघरूण घालावं लागलं. विजेचा देव चांगो संत बार्बराच्या आड गेला, समुद्राची आई येमाया रेग्लाच्या मेरीच्या आड. पुढे पांघरूण आणि अंग इतकं एकजीव झालं की आज कोण कुणाच्या आड आहे हे सांगणं तिथल्या भाविकालाही गरजेचं वाटत नाही.

अशा घरातलं हे पोर १९५५ मध्ये टोकियोच्या आंतरराष्ट्रीय बालचित्र स्पर्धेत बक्षीस मिळवतं. मग सान आलेहान्द्रो या कला अकादमीत जातं आणि १९६३ मध्ये चित्र आणि शिल्प शिकून बाहेर पडतं. ही अकादमी १८१८ सालची, आपल्या जे. जे. पेक्षा ३९ वर्षांनी जुनी. युरोपियन पद्धतीचं रेखाटन, शरीररचना, छायाप्रकाश, सगळं रीतसर. पुढल्याच वर्षी हवानात पहिलं एकल प्रदर्शन. तेव्हा ‘लोकचित्रकार’ म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे जो अंगणात बसून आपल्या मनाने रंगवणारा भाबडा माणूस आहे, तो हा नव्हे. यांना यथार्थदर्शन, म्हणजे जवळचं-लांबचं डोळ्याला दिसतं तसं काढणं, येतं. ते वापरायचं नाही असं यांनी ठरवलं. न येणं आणि न वापरणं यातला फरक मी सातवीच्या वर्गाला समजावू शकलो नाही, पण मंडळाला समजावा.

आता तो अपघात. १९६८ मध्ये मेंदिवे एका अपघातात सापडले आणि त्यांच्या पायाला कायमची इजा झाली. तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठलेली नव्हती. तुमचं पॅनेल इथून सुरू होतं आणि इथेच संपतं. मला मात्र तारखा लावून बघायची सवय आहे.

साठच्या दशकातली त्यांची कामं लाकडावरची आहेत. फळी घ्यायची, ती कोरायची, जाळायची, मग त्यावर रंग. तपकिरी, काळा, त्यात पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. ‘ओया’ हे काम १९६७ चं. ओया ही वादळाची आणि स्मशानाच्या वेशीवर उभी राहणारी देवी. या सगळ्या कामांवर धूर बसल्यासारखा वाटतो आणि समीक्षकांनी त्या काळाला नावच ‘काळोखाचा’ असं दिलंय. अपघात त्यानंतरचा. आणि सत्तरच्या दशकातली चित्रं उघडी, उजेडी, जवळजवळ खट्याळ. १९७५ चं ‘मालेकॉन’ घ्या. मालेकॉन म्हणजे हवानाची समुद्राकाठची लांबलचक भिंत. आपला मरीन ड्राइव्हचा कट्टा समजा. संध्याकाळी सगळं शहर तिथं येऊन बसतं. मेंदिवे यांच्या चित्रात त्या माणसांच्या शेजारी देवही येऊन बसलेत. कुणी दचकत नाही, कुणी हात जोडत नाही. कट्ट्यावर जागा मिळाली, बसले.

म्हणजे क्रम असा : काळोख, अपघात, उजेड. तुमच्या वाक्यात बसायचा तर उलटा असायला हवा होता. आधी सुखी चित्रं, मग दुर्दैव, मग काळी चित्रं, आणि शेवटी जिद्द. ‘अपघातामुळे उजेड आला’ असंही मला म्हणायचं नाही, कारण तेही ‘असूनही’चंच चुलत भावंड झालं. चित्रकाराच्या पायाचं आणि रंगपेटीचं गणित एका ओळीत सुटत नाही, एवढंच. आपल्याला ते सुटायला हवं असतं, ही आपली गरज, चित्राची नव्हे.

इथं माझं थोडं. माझ्या डाव्या पायात तिसऱ्या वर्षापासून पोलिओ आहे. कॅलिपर, म्हणजे पायाला आधाराची पट्टी, लावून शिकलो, कॅलिपर लावून शिकवलं. इंटरमिजिएटच्या पोरांना मानवाकृतीचं प्रमाण शिकवताना फळ्यावर एक उभी रेघ मारायचो आणि तिचे साडेसात भाग करायचो. माणूस म्हणजे साडेसात डोकी. खांदे इथे, कंबर इथे, गुडघा इथे. आणि फळ्याशेजारच्या खिडकीतून ऊन यायचं तेव्हा माझी स्वतःची सावली त्या रेघेवर पडायची, एका बाजूला कललेली, कुठल्याच भागात न बसणारी. पोरं हसायची नाहीत. चांगली होती. पण मी दर वर्षी खडू ठेवून खिडकी लावून घ्यायचो.

मेंदिवे यांची चित्रं मला पहिल्यांदा दिसली ती एका जुन्या परदेशी मासिकात, रद्दीच्या दुकानात. त्यात एक बाई होती. तिच्या पाठीतून पक्षी निघत होता, पाय खाली जाऊन मुळ्या झाले होते, आणि पोटात एक चेहरा होता, तो दुसरीकडेच बघत होता. एका माशाला माणसाचे पाय. एका माणसाच्या डोक्यावर झाड. त्या पानभर गर्दीत ‘पूर्ण’ म्हणावं असं एकही शरीर नव्हतं, आणि अपुरं म्हणावं असंही नव्हतं. प्रत्येक जण कशाचा तरी अर्धा आणि आणखी कशाचा तरी उरलेला. मी दुकानदाराला पाच रुपये देऊन मासिक घेतलं, घरी आलो आणि कॅलिपर न काढताच ते पान बघत बसलो. साडेसात डोकी या चित्रात कुठे मोजायची? मोजपट्टी ठेवायलाच जागा नव्हती.

तेव्हा तुमचा ‘अधू’ हा शब्द त्या चित्रांसमोर नेऊन बघा. तिथं तो कुणाला लावाल?

मुद्दा नुसता कल्पनाशक्तीचा नाही, ते ज्या घरात वाढले तिथल्या देवांचा आहे. सान्तेरियातला बाबालू आये हा रोगराईचा आणि बरं करण्याचाही देव. त्याच्यावरचं कॅथलिक पांघरूण म्हणजे संत लाझारो : कुबड्या टेकत चालणारा, अंगभर व्रणांचा, पायाशी कुत्रे असलेला म्हातारा. (कुत्रे म्हटल्यावर तुम्हाला दत्तगुरू आठवले असतील. मलाही आठवले. पण लगेच नातं जोडू नका, आपल्याला ती फार घाई असते.) दर वर्षी १७ डिसेंबरला हवानाजवळच्या एल रिंकॉन गावात त्याची यात्रा भरते. हजारो लोक चालत जातात. काही जण गुडघ्यांवर, काही सरपटत, काही पायाला दगड बांधून ओढत. अंगात जांभळं, नाहीतर गोणपाटाचे कपडे. नवस फेडायचा असतो. ‘नवस’ याला दुसरा शब्दच नाही. गंमत अशी की चर्चला मान्य असलेला लाझारो हा बिशप आहे, झगा-मुकुटवाला. लोकांची रीघ मात्र कुबड्यावाल्याकडे.

आणि ओसाइन! हा तर मला सख्खा वाटतो. रानाचा, पानांचा, झाडपाल्याच्या औषधांचा देव. एक पाय, एक हात, एक डोळा. एक कान सुपाएवढा, त्याने काहीच ऐकू येत नाही. दुसरा इवलासा, त्याने पान पडलेलंही ऐकू येतं. त्याचं असं का झालं याच्या गोष्टी वेगवेगळ्या सांगतात. या गोष्टींना तिकडे पताकी म्हणतात. आपल्या पताकेशी त्याचा संबंध नाही, पण शब्द फडफडतो छान. पण सगळ्या गोष्टींत एक सारखं आहे : ओसाइनचं अंग पुन्हा पुरं होत नाही. तसा तो राहतो, आणि त्याच्यावाचून कुणाचं चालत नाही. ‘कोसी एवे, कोसी ओरिशा’ असं म्हणतात. पान नाही तर देव नाही. कुठलाही विधी असो, त्याच्या पानांचं पाणी आधी लागतं. धिप्पाड चांगोलाही.

आपल्या गोष्टी आठवून बघा. कुब्जेला कृष्ण भेटतो आणि ती सरळ होते. तिची गोष्ट तिथेच संपते, सरळ झाल्यावर कुणाला तिच्यात रस उरत नाही. शनी लंगडत येतो, म्हणून सावकाश जातो, म्हणून भीती. आणि तुमच्या निमंत्रणपत्रिकेवर नेहमीप्रमाणे छापलेलंच आहे, ‘मूकं करोति वाचालं पंगुं लङ्घयते गिरिम्’. श्लोक सुंदर आहे, मी स्वतः रोज म्हणतो. पण पत्रिकेवर तो दर वर्षी वाचला की वाटतं, पांगळ्याने डोंगर ओलांडला तरच त्याला बोलावणार का? मी आयुष्यभर सपाट रस्त्याने शाळेत गेलो आणि आलो. त्याचा श्लोक नाही.

सान्तेरियातला माणूस वेगळ्या दयेने वागतो असं मी म्हणत नाही. हवानातही जिने आहेत आणि कुबड्या घेऊन ते चढणं कुठेही सारखंच. पण ज्याच्या घरच्या देव्हाऱ्यात कुबडीवाला आणि एकपायी देव आहेत, त्याच्या चित्राला ‘असूनही’ लावणं म्हणजे त्याच्या देव्हाऱ्यात चपला घालून शिरण्यासारखं आहे.

‘लोकचित्रकार’कडे येतो. यातला ‘लोक’ मला खुपतो, कारण क्युबात या शब्दाचं राजकारण झालेलं आहे. १९५९ च्या क्रांतीनंतर तिथल्या सरकारला आफ्रिकी वारसा हवा होता, धर्म नको होता. मग १९६२ मध्ये राष्ट्रीय लोककला नृत्यसंघ निघाला आणि ओरिशांचे नाच रंगमंचावर आले. सुंदर नाच, अस्सल वादक, पण आता तिकीट काढून बघायचे. ज्याला विधी म्हटलं की अडचण होत होती, त्याला ‘लोककला’ म्हटलं की अनुदान मिळत होतं. श्रद्धाळू माणसाला कम्युनिस्ट पक्षाची दारं उघडली ती १९९१ मध्ये, आणि राज्यघटनेतून निरीश्वरवाद जाऊन धर्मनिरपेक्षता आली ती १९९२ मध्ये. मेंदिवे यांचे देव मालेकॉनच्या कट्ट्यावर येऊन बसले ते १९७५ मध्ये. हे साल लक्षात ठेवा.

याचा अर्थ ते बंडखोर होते असा नाही. सरकारने त्यांना मान दिला, त्यांची चित्रं परदेशी गेली, २००१ मध्ये दृश्यकलेचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. सरळ शौर्यकथा इथं मिळणार नाही. पण ‘लोक’ हा शब्द लावला की आतला देव काढून नुसता नाच उरतो, हे आपल्याला कळायला हवं. लग्नानंतर घरात गोंधळ घालतात तो कुळाचार; तोच संचलनाच्या चित्ररथावर आला की लोककला. गोंधळी तोच, संबळही तेच. आपण फक्त चपला घालूनच बघत असतो.

हेही सांगितलं पाहिजे की मेंदिवे या वाटेवरचे पहिले नव्हेत. विफ्रेदो लाम त्यांच्या आधी होऊन गेले. त्यांचं १९४३ चं ‘जंगल’ न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. पण लाम पॅरिसला जाऊन, पिकासोला भेटून घरच्या देवांकडे परतले. मेंदिवे यांना परतावं लागलं नाही. ते घरातच होते. १९८० च्या दशकात ते आफ्रिकेत जाऊन आले, तेव्हा त्यांना काय दिसलं असेल? बेनिनमध्ये तीच नावं, तेच देव, फक्त वर संतांचं पांघरूण नाही.

तिथून आल्यानंतरचं त्यांचं काम आणखी मोकळं झालं. १९८६ च्या दुसऱ्या हवाना द्वैवार्षिकीत (दर दोन वर्षांनी भरायचं ठरलेल्या कलाप्रदर्शनात) त्यांनी कॅनव्हास सोडला आणि नर्तकांची अंगं रंगवली. उघड्या पाठी, दंड, पोटऱ्या, चेहरे. त्यावर मासे, डोळे, पक्षी, ठिपके. मग ती चित्रं नाचली, रस्त्यावर आली, घामाने ओघळली आणि संध्याकाळी धुतली गेली. सान्तेरियाच्या दीक्षेत नव्या माणसाचं डोकं भादरून त्यावर रंगांची वर्तुळं काढतात. रंग अंगावर लावणं म्हणजे तिथं नटणं नव्हे, देवाला बसायला जागा करून देणं आहे. माझ्या मते या अंगचित्रांचं मूळ तिथं आहे.

या जागी मी एक वाक्य लिहिलं होतं. ‘ज्याच्या स्वतःच्या पायाला इजा झाली, त्याने दुसऱ्यांच्या पायांना नाचतं केलं.’ बरं वाटलं लिहून. चहा घेतला, परत वाचलं आणि खोडलं. काय केलं मी? तुमचं चौदावं पॅनेलच पुन्हा लिहिलं, जरा बऱ्या मराठीत. ते नर्तक आधीच नाचत होते. त्यांना कुणी नाचतं केलं नव्हतं. तेव्हा खोड तुम्हालाच आहे असं समजू नका. मीही कॅलिपर लावून त्याच रांगेत उभा आहे.

आता मोराची गोष्ट सांगतो, कारण पॅनेलवर जागा एकाच गोष्टीला असेल तर ती हिला द्या.

१९८८ च्या एप्रिलमध्ये मायामीतल्या क्युबन कलेच्या एका संग्रहालयाने मदतनिधीसाठी चित्रांचा लिलाव केला. मायामी म्हणजे क्युबा सोडून आलेल्यांचं शहर. लिलावात क्युबातच राहिलेल्या, सरकारशी न तुटलेल्या काही चित्रकारांचीही कामं होती. त्यावरून शहर पेटलेलं. त्यात मेंदिवे यांचं ‘मोर’ नावाचं चित्र होतं. क्युबाचं सरकार उलथवायला निघालेल्या १९६१ च्या ‘बे ऑफ पिग्ज’च्या फसलेल्या मोहिमेत लढलेल्या एका माणसाने ते ५०० डॉलरला रीतसर विकत घेतलं, बाहेर आणलं आणि रस्त्यावर सगळ्यांदेखत जाळलं. काही दिवसांनी त्या संग्रहालयाबाहेर बॉम्बही फुटला. पुढल्या वर्षी सरकारी अधिकाऱ्यांनी तिथल्या एका संग्राहकाच्या घरातून क्युबन चित्रं जप्त केली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि न्यायाधीशांनी चित्रं परत करायला लावली. क्युबाशी व्यापारबंदीचा अमेरिकी कायदा चित्राला लागू होत नाही, असं ठरलं. एका जळलेल्या मोराच्या मागे एवढं सगळं.

पण खरी गोष्ट त्याहून जुनी आहे. मोर हा ओचूनचा पक्षी. ओचून ही नदीची, मधाची, प्रेमाची देवी. पताकी अशी आहे : एकदा देवांनी बंड केलं आणि वरच्या परमेश्वराने पाऊस थांबवला. पृथ्वी भेगाळली. वर जाऊन विनवणी कोण करणार? थोरले थोरले देव प्रयत्न करून परत आले. तेव्हा ओचून मोर होऊन उडाली. सगळ्यांनी टिंगल केली. ती सूर्याजवळून गेली, तिचा पिसारा जळत गेला, रंग करपले, डोक्यावरची पिसं झडली. वर पोचली तेव्हा ती मोर नव्हती, गिधाड झाली होती. पण पोचली. पाऊस घेऊन आली. म्हणून तिथे गिधाडाला हाकलत नाहीत, ती ओचूनच.

मायामीच्या रस्त्यावर काडी लावणाऱ्याला ही पताकी ठाऊक होती की नाही, काय माहीत. तो मेंदिवे यांना ‘पायाने अधू असूनही’ चित्र काढणारा म्हणून ओळखत नव्हता एवढं नक्की. त्याने त्यांना बरोबरीचा शत्रू समजून जाळलं. मला जाळपोळीचं कौतुक नाही. पण दोन वागणुका शेजारी ठेवल्यावर मनात येऊन गेलं की तुमच्या पॅनेलपेक्षा त्या माणसाने चित्र जास्त गंभीरपणे घेतलं होतं.

मग पायाविषयी लिहायचंच नाही का? लिहा. काही जण म्हणतात उल्लेखच नको, कला बघा, शरीर बघू नका. मला तेही पटत नाही. माझा पाय मी घरी ठेवून शाळेत जात नव्हतो. लपवायचं काय त्यात? मेंदिवे यांच्या आयुष्यात १९६८ आहे, जसं १९६३ आहे आणि १९८६ आहे. सालावार लिहा. फक्त ‘असूनही’, ‘मात करून’, ‘जिद्दीच्या जोरावर’ हे तीन दागिने काढून ठेवा. चौदाव्या पॅनेलसाठी माझा मजकूर :

‘मानुएल मेंदिवे. जन्म १९४४, लुयानो, हवाना. चित्रकार, शिल्पकार. सान आलेहान्द्रो अकादमी, १९६३. कोरलेल्या, जाळलेल्या लाकडावर ओया, १९६७. अपघात, पायाला कायमची इजा, १९६८. मालेकॉन, १९७५. गुलामांचं जहाज, १९७६. दुसऱ्या हवाना द्वैवार्षिकीत नर्तकांच्या अंगावर चित्रं, १९८६. मोर, मायामीत जाळला, १९८८. क्युबाचा दृश्यकलेचा राष्ट्रीय पुरस्कार, २००१. यांच्या चित्रांतले देव सान्तेरिया या जिवंत धर्मातले आहेत.’

विशेषण एकही नाही. लोक वाचतील की नाही, अशी तुम्हाला चिंता वाटेल. ‘मोर, मायामीत जाळला’ वाचून जो थांबणार नाही, तो ‘अनोखे विश्व’ वाचूनही थांबणार नव्हता.

जाता जाता हॉलबद्दल. गेल्या वर्षी एका दुसऱ्या संस्थेने असाच कार्यक्रम पहिल्या मजल्यावर घेतला होता. लिफ्ट होती, बंद होती. बावीस पायऱ्या. माझा सत्कार होता, मी चढलो, पण व्हीलचेअरवरच्या दोन मुलींना कार्यकर्त्यांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं आणि त्याचे फोटो काढले. मुलींच्या तोंडाकडे कुणी बघितलं नाही. वर व्यासपीठाला आणखी चार पायऱ्या. शाल मला खालीच घातली, ‘सर, तुम्ही त्रास घेऊ नका’ म्हणून. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा तुमच्या पत्रिकेच्या मागे छापलाय, तो एकदा पुढून वाचा. यंदाचा हॉल तळमजल्यावर आहे का, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

आणि पॅनेलं खाली टांगा. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर नको, खुर्चीत बसलेल्याच्या. उभ्यांना जरा वाकायला लागेल. वाकू देत.

पीडीएफची छापील प्रत सोबत परत पाठवतोय. पहिल्या तेरा पॅनेलांत मिळून ‘असूनही’ नऊ वेळा आलं होतं, तेही लाल पेनाने खोडलंय. बाकी शुद्धलेखन ठीक आहे, फक्त ‘दीव्यांग’ची वेलांटी पहिली करा. छापायला टाकण्याआधी मला फोन करा. दुपारी दोन ते चार सोडून, तेव्हा मी झोपलेला असतो.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक